आबांचा किल्ला, माझी ताल

आबा, येत्या सोमवारी डोझर येणार आहे. विलास इंदापूरला जाऊन सांगून आलेत. रानाच्या टोकावरची ताल, तो जुना बांध, सपाट करायची, ट्रॅक्टरला वाट करायची आणि पुढं अख्ख्या टोकावर ऊस लावायचा, असा बेत आहे. तुम्ही असतात तर आत्ता अंगणात खुर्ची सरकवून उभे राहिला असतात आणि "ए बाई, तुज्या नवऱ्याला आवर!" म्हणून माझ्यावरच ओरडला असतात. मुलगा तुमचा, बेत त्याचा, ओरडा मात्र मी खायचा, हे आपल्या घरात ठरलेलंच होतं.

तुम्ही गेल्यावरचं पुण्यानुमोदन गेल्या आठवड्यात झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले, घर मोकळं झालं, आणि विलास मला म्हणाले, "आबा होते तोवर मी तालीला हात लावला नाही. आता तू सांग. ठेवायची का काढायची? हे तुमचं सासरा-सुनेचं भांडण होतं, मी मधे पडणार नाही." एवढं बोलून ते गोठ्यात निघून गेले. अवघड गोष्ट दुसऱ्याच्या गळ्यात घालून गोठ्यात जायचं, ही सवय त्यांनी कुणाची उचलली ते मी सांगायला नको.

नवा पाहुणा आला की तुम्ही त्याला चहा प्यायच्या आधी टोकावर न्यायचात. आपलं रान उजनीच्या पाण्यात घुसलेलं. तीन बाजूंना पाणी आणि पाण्यापर्यंत सरळ तुटलेली दरड. चौथ्या बाजूला, जिथं टोक बाकीच्या रानाला जोडलेलं आहे तिथं, माणसाच्या उंचीची दगडमातीची ताल, या दरडीपासून त्या दरडीपर्यंत. तिच्या बाहेरच्या अंगाला बुजत आलेला चर, आणि मधे एक बैल जाईल एवढी खिंड. गाव म्हणायचं, कुठल्यातरी दुष्काळात रोजगाराच्या कामावर घातलेली ताल आहे. मीही तेच म्हणायचे, अजूनही म्हणते. तुम्ही म्हणायचात, किल्ला आहे. तोही राजेरजवाड्यांचा नव्हे, राजे जन्माला यायच्या आधीचा.

हे खूळ रेडिओनं घातलं. नीरेच्या कालव्यावर शेतकऱ्यांना पाण्याच्या पाळ्या देण्यात जन्म काढलेला तुमच्यासारखा पाटकरी निवृत्त झाल्यावर दुपारचं करणार काय? त्या दुपारी रेडिओवर कुणी विद्वान समुद्रकाठच्या जुन्या किल्ल्यांवर बोलत होते. लिहिणं-वाचणंही ठाऊक नसलेली फार पूर्वीची माणसं म्हणे समुद्रात घुसलेलं डोंगराचं टोक हेरायची. तीन बाजूंना कडा आणि खाली समुद्र, म्हणजे तिकडची काळजी मिटली. भिंत घालायची ती फक्त मानेवर, म्हणजे टोक जमिनीला जोडलेलं असतं तिथं, एकच, आणि तिच्यापुढं चर. परदेशात असे किल्ले सापडलेत, आपल्या कोकणातही असावेत, असं ते म्हणाले. "असावेत" एवढंच. तुम्हाला तेवढं पुरलं. तुम्ही चपला न काढता स्वयंपाकघरात आलात.

"सुनंदा, आपल्या टोकावर किल्ला हाय!"

"आबा, हात धुवा, वाढलंय."

"अगं, तीन बाजूंनी पाणी, मानंवर भिंत, म्होरं चर. समदं जुळतंय!"

"पाणी धरणाचं आहे, आबा. धरण होऊन वर्षं ती किती झाली? तुमच्या आदिमानवाला उजनी कुणी बांधून दिली होती?"

मला वाटलं, संपला विषय. पण तुम्ही पहिला घास हातात धरून हसलात. "पाणी न्हवतं, पर दरड व्हती. हिकडनं नदी, तिकडनं ओढा व्हता. तू लगीन करून यायच्या आधी म्या तितं गुरं राखल्यात, बाई." मला बाई म्हटलंत की मी ओळखायचे, आता भांडण सुरू. एरवी मी पोरी असायचे किंवा सुनंदा. बाई झाले की शाळेतली बाई व्हायचे, आणि तुम्ही हट्टी विद्यार्थी.

मग उन्हाळ्यात पाणी हटलं की तुम्ही टोकाच्या कडेनं वाकून वाकून खापऱ्या गोळा करायला लागलात. आईंची लोणच्याची बरणी त्या खापऱ्यांनी भरली. आईंनी, तुमच्याच बायकोनं, ती अंगणात उपडी केली आणि म्हणाल्या, "फुटकी मडकी घरात आणायला हे घर हाय का उकिरडा?" तुम्ही गपचूप एकेक खापरी वेचून गव्हाच्या कणगीत लपवलीत. पुढं चार दिवस दळणात खडे लागत होते ते कशानं, हे आईंना अजून ठाऊक नाही. तेवढं मी तुमच्यासाठी पोटात ठेवलंय.

पुण्याहून एक प्राध्यापक आले होते, ते तर विसरणंच शक्य नाही. तुम्ही त्यांना उन्हात तालीवरून दोनदा चालवलंत. एका खापरीवरच्या काळ्या रेघेवर त्यांनी बोट फिरवलं, भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "जुनी असू शकेल. तालीचं मात्र खोदल्याशिवाय काही सांगता यायचं नाही. शक्यता नाकारता येत नाही, इतकंच." आईंनी कोंबडीचा रस्सा केला होता, तो ओरपून ते गेले. पुन्हा काही आले नाहीत. पण तुम्ही दुसऱ्या दिवसापासून गावभर सांगत सुटलात, "पुण्याचं सायेब म्हनलं, नाकारता येत न्हाय!" मी म्हटलं, आबा, नाकारता येत नाही म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे. तुम्ही म्हणालात, "मग तू नाकारून दाव."

कोकणात जायची टूम तुमचीच. माझ्या शाळेतल्या एका बाईंचं माहेर तिकडं समुद्रकाठी होतं. मे महिन्यात आपण तिघं एसटीनं निघालो, तुम्ही, आई आणि मी. घाटात आईंना मळमळत होतं आणि तुम्ही त्यांच्यापुढनं हात लांब करून मला खिडकीतली डोंगराची टोकं दाखवत होतात. "ह्यो बघ. ह्यो बी चालंल. ह्याला बी मान हाय." आई शेवटी म्हणाल्या, "तुमची मान मुरगाळीन हां आता." अख्खी गाडी हसली.

समुद्र तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा बघत होतात, आणि मीसुद्धा. त्या टोकाच्या पायथ्याशी काळ्या खडकांवर आपण शिदोरी सोडली. भाकरी, ठेचा, कांदा. तुम्ही वर बोट दाखवून मला मान कुठं, भिंत कुठं ते समजावत होतात. एवढ्यात पाणी आलं आणि आईंच्या चपला घेऊन गेलं. तुम्ही ताडकन उठलात. हातात अर्धी भाकरी, कपाळाला आठ्या, आणि सगळा समुद्र सोडून तुम्ही मागं डोंगराकडं बघून ओरडलात, "अरं, पानी कुणी सोडलं? आत्ता पाळी कुणाची हाय?"

खडकावरच्या शिंपल्यांतली कालवं फोडत बसलेली एक बाई हसून हसून आडवी झाली. "भरती लागली, आजोबा! वर चढा आधी!"

आबा, तुमचं एक ठीक. तुमच्या हिशेबात पाणी वाढलं म्हणजे वर कुणीतरी दार उघडलं. पण मी भूगोलाची बाई! दर वर्षी फळ्यावर चंद्र काढते, पृथ्वी काढते, बाण काढते, भरती-ओहोटी शिकवते. माझ्या डोक्यात काय आलं असेल? मीसुद्धा डोंगराकडंच बघितलं. गुडघाभर पाण्यातून आईंना ओढत आपण वर चढलो. तुम्ही कमरेवर हात ठेवून समुद्राला झापायला लागलात, "सांगून-सवरून तरी यावं मानसानं!" ती बाई खालून म्हणाली, "सांगूनच येते हो. दिवसातनं दोनदा येते." तेव्हा तुमचा राग कुठल्या कुठं गेला. "दिवसातनं दोनदा? आन आमच्या टेलच्या, पार शेवटच्या शेतकऱ्याला म्हैन्यातनं एकदा मिळंना!" पुढं टोकावर पोचेपर्यंत तुम्ही त्या समुद्राचं पाणी कालव्याच्या कुठल्या चारीला काढता आलं असतं याचाच विचार करत होतात. खारं आहे, असं आई म्हणाल्या तेव्हा कुठं तो नाद सोडलात.

टोकाच्या मानेवर खरंच दगडांची जुनाट रांग होती. तिथल्या काजूच्या बागेचे मालक सोबत आले होते. ते म्हणाले, "हा गडगा आमच्या आजोबांनी घातला. गुरं शिरू नयेत म्हणून."

"वरचं दगड आजोबांनी घातलं आसतील," तुम्ही म्हणालात. "खालचं कुणी घातलं?"

"खालचे... ते काय मला ठाऊक नाही बुवा. मी तेव्हा नव्हतो."

"तुमचं आजोबा तरी व्हतं का?"

बिचाऱ्यांनी आपल्याला कोकमाचं सरबत पाजलं. मी मनात म्हटलं, या माणसापुढं कुणाचे आजोबा टिकायचे नाहीत.

मग तुम्ही गडग्याच्या आतल्या अंगाला जाऊन बसलात. टोपी काढून मांडीवर ठेवलीत. बराच वेळ ती दगडांची रांग आतून बघत राहिलात. आई काजूची बोंडं गोळा करत होत्या. तुम्ही माझ्याकडं न बघता बोलायला लागलात.

"पोरी, माज्या बापानं जल्मभर वेशीची राखण केली. सांजंला दार लावायचं काम आमचं. आन लावलं की आमीच भायेर. गाव आत झोपायचं, आमचा वाडा कुसाच्या भायेर. धरणात गाव बुडालं तवा समदी रडली. देऊळ गेलं, चिंचा गेल्या, रडणारच की. पर वेस पाण्याखाली गेली तवा माज्या डोळ्यात टिपूस न्हाय आलं. नव्या गावठाणात सरळ रांगंत प्लाट पडलं. ना वेस, ना कूस. बरं वाटलं मला." मग तुम्ही म्हणालात, "पर ही भित ह्या समद्याच्या आधीची. तवा गाव न्हवतं, जात न्हवती, पाटील न्हवता. आत कोण आन भायेर कोण, कुणाला ठावं? आपुनच आसू आत. एकदा भित आतनं बघायची व्हती मला."

तेव्हा मला कळलं की एवढी वर्षं हा माणूस खापऱ्या का वेचतोय. माझे डोळे भरून आले होते, आबा. दुसऱ्या कुणाची सून असती तर पदर डोळ्याला लावून गप्प बसली असती. पण माझी जीभ माझं ऐकत नाही. मी म्हणाले, "आबा, भिंत म्हटली की बाहेर कुणीतरी असतंच. आपण आत होतो, तर मग बाहेर कुणाला ठेवलं आपण?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागावला नव्हतात. टोपी झटकून घातलीत आणि "चला, गाडी चुकंल" म्हणालात. त्या रात्री काही बोलला नाहीत. परतीच्या सबंध रस्त्यात नाही. मला वाटलं, झालं, नको तिथं बोलले, दुखावलं मी यांना. स्वारगेटला इंदापूरच्या गाडीत बसलो, कंडक्टर तिकिटं फाडत आला, आणि तुम्ही एकदम म्हणालात, "लांडगं."

"काय?"

"भायेर लांडगं ठिवलं व्हतं."

"लांडग्यासाठी चर कशाला खणायला पाहिजे, आबा? लांडगा काय बैलगाडी घेऊन येतो?"

कंडक्टर तिकिटं विसरून हसत सुटला. मला तर हायसं वाटलं. तिथून जे भांडण लागलं ते पार परवा-परवापर्यंत. लांडगे झाले, तरस झालं, रानडुकरं झाली, एका पावसाळ्यात ओढ्याचा पूर झाला. संध्याकाळी मी वह्या तपासत बसले की तुम्ही दारात येऊन नवं जनावर सांगायचात आणि मी ते खोडायचे. पण एक माझ्या लक्षात आलं होतं. मी कितीही ढोसलं तरी तुम्ही त्या भिंतीबाहेर माणूस कधी ठेवला नाहीत. माणूस ठेवला असतात तर वाद तिथंच मिटला असता, तुम्हाला सोपं गेलं असतं. तरी नाही ठेवलात. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. मला त्याचं फार वाटतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. नववीला किनारपट्टी शिकवताना मी दर वर्षी फळ्यावर समुद्रात घुसलेलं टोक काढते, त्याच्या मानेवर एक रेघ ओढते आणि मुलांना सांगते की असे फार जुने किल्ले आपल्याकडंही असावेत. पुस्तकात नाही ते. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी साऱ्या इंदापूरच्या बाजारात झालं असतं, "आमची सून शाळंत शिकवती, म्हंजे खरंच आसनार!"

माझं लग्न ठरलं तेव्हा वडगाव निंबाळकरला आमच्या ओसरीवर माझे वडील तुम्हाला हात जोडून म्हणाले होते, "पोरगी शिकलेली आहे, पण जरा तोंडाळ आहे. सांभाळून घ्या." मी आतून ऐकत होते, आणि मला वाटलं आता मोडतंय. तुम्ही म्हणालात, "लई बेस झालं. आमच्या घरात समदी मुकी हायती. मला बोलायला कुणीतरी पायजेच व्हतं." आबा, सासरी येताना कुठल्या मुलीला हे ऐकायला मिळतं? माझ्या मैत्रिणी सासऱ्यापुढं आवाज चढवत नव्हत्या आणि मी तुम्हाला लांडग्यावरून फैलावर घेत होते.

शेवटच्या दिवशी तुम्ही अंगणात बाजेवर पडून होतात. मी म्हटलं, "आज कोण बाहेर? तरस की डुक्कर?" तुम्ही डोळे उघडून हसलात. "आज दम न्हाय, बाई. उद्या भांडू." चहात साखर कमी आहे अशी तक्रार केलीत, आईंनी वरून साखर घालून दिली, आणि दिवस कलायच्या आत तुम्ही गेलात. मला इतका राग आला होता तुमचा. उद्या म्हणालात की हो!

इथवर लिहिलं तेव्हा सोमवार यायचा होता. आज मंगळवार आहे.

रविवारी मी आईंना विचारलं, काय करू? त्या म्हणाल्या, "ऊस लावा. म्हातारं ग्येलं, आता कुणासाठी ठिवायची ती ताल?" मलाही पटलं. मला ती दुष्काळातली ताल वाटते, मग अडवायचं कशाला? टोकावर ऊस झाला तर विलासांचं खरंच सोनं होईल. कारखान्याला नोंद द्यायची म्हणून ते केव्हाचे थांबलेत. मी ठरवून झोपले की काढायची.

सोमवारी सकाळी डोझर आला तर तालीवर आईंच्या कुरडया वाळत होत्या. आदल्या दिवशी "ऊस लावा" म्हणणारी बाई पहाटेच कुरडया घालून बसलेली! भिगवणचा तरणा ड्रायव्हर, त्यानं मशीन चालूच ठेवलं. आई एकेक कुरडई उचलून, उलटी करून, फुंकर घालून टोपलीत ठेवत होत्या. एवढ्या सावकाश तर त्यांनी आजवर काही केलं नाही. विलास माझ्याकडं बघत होते. मी तालीवर उभी, एका बाजूला ती खिंड, दुसऱ्या बाजूला चर.

"बाई, लवकर सांगा," ड्रायव्हर ओरडला. "डिझेल जळतंय. पाडायची का न्हाय?"

"थांब जरा. वाद मिटलेला नाही."

"कुणासंगं?"

"माझ्या सासऱ्यांसंगं."

"मग त्यास्नी बोलवा की भायेर!"

विलासांनी मान खाली घातली. आईंच्या हातातली कुरडई तशीच राहिली. ड्रायव्हरला काय माहीत बिचाऱ्याला.

"ते आता यायचे नाहीत," मी म्हणाले. "म्हणून तर म्हणते, ताल राहू दे."

त्यानं मशीन बंद केलं. मग हळूच विचारलं, "खालचं रान तरी करू का सपाट?" विलास म्हणाले, "कर." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "टोकावर ज्वारी होईल की. ऊसच कशाला पाहिजे?"

पटलं म्हणून नाही ठेवली हां, आबा. ती दुष्काळातलीच ताल आहे. पण समोरच्याला बोलता येत नाही असं बघून त्याचा पुरावा मोडायचा, हे मला जमलं नाही. काल संध्याकाळी मी खिंडीतून आतल्या अंगाला गेले, तालीला पाठ टेकून बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "लांडग्यासाठी कुणी चर खणत नसतं, आबा." आपल्या इतक्या वर्षांच्या भांडणात माझ्या बोलण्यावर तुमचं उत्तर आलं नाही, असं काल पहिल्यांदाच झालं. असलं जिंकणं मला नकोय हो.